इन्स्पेक्शन रिपोर्ट वाईट आला, आता घराच्या व्यवहारातून मागे फिरावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आधी कोणीतरी राहिलेलं जुनं घर पसंत पडलं, भाव ठरला, करारावर सह्या झाल्या, विसाराची रक्कम दिली आणि मग इन्स्पेक्शन केलं. रिपोर्टमध्ये चार गोष्टी निघाल्या: खालच्या मजल्यावर बाहेरच्या भिंतीला तिरपी भेग, बाथरूमला लागून असलेल्या खोलीत ओल, एका ठिकाणी स्लॅबचं प्लास्टर सुटून आतली सळई दिसतेय, आणि वायरिंग जुनं. विकणारे म्हणतात जुन्या घरात एवढं असायचंच, एजंट म्हणतो रंगकाम करताना सगळं निघून जाईल, घरचे म्हणतात आता मागे हटलो तर दिलेले पैसे बुडतील. मागे फिरावं का, आणि फिरायचं तर कसं?

मी सिव्हिल इंजिनिअर आहे, घर घेणाऱ्यांच्या बाजूने घरं तपासून देणं हेच माझं बऱ्याच वर्षांचं काम, आणि असे व्यवहार मोडताना वकिलांसोबत बसायची वेळ इतकी वेळा येते की कराराची बाजूही रोजच्या कामातलीच झालीय. तरी तुमचा करार तुमच्या वकिलाने वाचलाच पाहिजे, इथे लिहितोय ते त्याच्याकडे जाताना नेमकं काय विचारायचं ते कळावं म्हणून.

आधी रिपोर्ट बाजूला ठेवा आणि करार हातात घ्या. बहुतेक लोक उलटं करतात, रिपोर्ट चार चार वेळा वाचतात, फोटो झूम करून बघतात, नातेवाइकांना पाठवतात, आणि त्या गडबडीत इन्स्पेक्शनच्या अटीची मुदत निघून जाते. करारात तीन गोष्टी शोधा. पहिली, इन्स्पेक्शनवरून मागे फिरायची मुभा आहे का आणि कुठल्या तारखेपर्यंत, ती तारीख सही झाल्यापासून मोजायची की समोरच्याने मान्य केल्यापासून, सुट्ट्या धरून की कामाचेच दिवस, काही करारांमध्ये तर दिवसासोबत वेळही दिलेली असते. दुसरी, समाधान कोणाचं व्हायला हवं. काही करारांमध्ये लिहिलेलं असतं की रिपोर्ट घेणाऱ्याला समाधानकारक वाटला पाहिजे, म्हणजे निर्णय तुमचा, आणि काहींमध्ये असतं की मोठा स्ट्रक्चरल दोष निघाला तरच, मग तो दोष मोठा आहे हे इंजिनिअरने लिहून द्यावं लागतं आणि नुसत्या जुन्या वायरिंगवर तुम्ही सुटत नाही. तिसरी, कळवायचं कसं, कोणाला, कुठल्या पत्त्यावर, ईमेल चालतो की नाही. आणि गप्प बसलात तर काय होतं तेही बघा, कारण पुष्कळ करारांमध्ये मुदतीत काहीच कळवलं नाही तर घर आहे त्या स्थितीत मान्य असं धरलं जातं.

हे नियम देशागणिक इतके वेगळे आहेत की दुसऱ्या देशातल्या मित्राचा सल्ला कधीकधी थेट नुकसान करतो. अमेरिकेत करारातच इन्स्पेक्शनची अट घालतात आणि ती मुदतीत वापरली तर विसार साधारणपणे परत मिळतो, ती अट सोडून दिली असेल तर मात्र अवघड. तिथे १९७८ च्या आधी बांधलेल्या घरांसाठी शिशाच्या रंगाची तपासणी करून घ्यायला घेणाऱ्याला १० दिवस मिळतात, दोघांनी वेगळं ठरवलं नसेल तर. इंग्लंड आणि वेल्समध्ये करारांची अदलाबदल होईपर्यंत (म्हणजे सही केलेल्या प्रती एकमेकांना देईपर्यंत, तिथूनच करार बंधनकारक होतो) दोन्ही बाजू मोकळ्या असतात, सर्व्हे म्हणजे तिथलं इन्स्पेक्शन त्याच्या आत करायचं, अदलाबदल झाल्यावर मागे फिरलात तर साधारण १० टक्के डिपॉझिट गेलंच समजा. फ्रान्समध्ये राहायला घर घेणाऱ्याला करारानंतर १० दिवस मिळतात, कारणही द्यावं लागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये ५ कामाचे दिवस असतात आणि बाहेर पडलात तर किमतीच्या ०.२५ टक्के सोडावे लागतात, लिलावात घेतलेल्या घराला ही सवलत नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियामध्ये २०२३ पासून ३ कामाचे दिवस आहेत, तिथेही सोडायची रक्कम ०.२५ टक्केच. भारतात दोन खाजगी व्यक्तींमधल्या विक्रीला असा मागे फिरायचा काळ कायद्याने दिलेला नाही, तिथे करारात काय लिहिलंय यावरच सगळं येतं. पण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ आहे. त्यानुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगायलाच हवा. आणि दिलेली रक्कम विसार म्हणून दिली होती की किमतीचा आगाऊ हिस्सा म्हणून, यावर ती जप्त होऊ शकते की नाही हे ठरतं, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या एका निकालात हे स्पष्ट केलंय. त्यामुळे पावतीवर काय शब्द आहेत ते आत्ता उठून बघा.

मुदत किती उरलीय हे कळलं की मग रिपोर्ट.

रिपोर्टमध्ये किती दोष निघाले ते मोजू नका. इन्स्पेक्टरचं कामच दिसेल ते सगळं लिहायचं असतं, नळ गळतो इथपासून खिडकीची कडी सैल आहे इथपर्यंत, त्यामुळे चाळीस पानांचा रिपोर्ट वाईट घराचाच असतो असं नाही आणि सहा पानांचा चांगल्या घराचा असतो असंही नाही. मी प्रत्येक दोषाला एकच गोष्ट विचारतो, याचा शेवट दिसतोय का. म्हणजे काय बिघडलंय, का बिघडलंय, दुरुस्तीला काय काय करावं लागेल आणि साधारण किती खर्च येईल हे आज सांगता येतं का? सांगता येत असेल तर तो दोष कितीही महागडा असो, तो किमतीचा प्रश्न आहे, त्यावर बोलणी होऊ शकतात. आणि सांगता येत नसेल तर तो दोष आज छोटा दिसत असला तरी तुम्ही रक्कम न लिहिलेल्या चेकवर सही करताय. मागे फिरायचं कारण हे असतं, खर्च मोठा असणं हे नाही.

या मापाने तुमचं जुनं वायरिंग बघा. ते धोकादायक असू शकतं, मी ते हलक्यात घेत नाहीये, मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचं गळती ओळखून सप्लाय तोडणारं उपकरण नसेल, अर्थिंग नसेल, जुन्या रबरी आवरणाच्या वायरी असतील तर राहायला जायच्या आधी पूर्ण घर नव्याने वायर करावं लागेल. पण दोन इलेक्ट्रिशियन बोलावले तर दोन दिवसांत आकडा हातात येतो आणि तो आकडा फारसा हलत नाही. वॉटर हीटर, खिडक्या, छतावरचं वॉटरप्रूफिंग, आयुष्य संपत आलेल्या अशा सगळ्या गोष्टी याच खान्यात टाका. वायरिंगवरून व्यवहार मोडू नका, वायरिंगचे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

भेगेचं तसं नाही.

भेग म्हटलं की सगळे रुंदीकडे बघतात आणि रुंदी महत्त्वाची आहेच. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटने भेगांची जी वर्गवारी केलीय ती बरेच इंजिनिअर वापरतात, त्यात ०.१ मिलिमीटरपर्यंत केसासारखी म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखी, १ मिलिमीटरपर्यंत रंगकामात झाकली जाईल अशी, ५ मिलिमीटरपर्यंत भरून घ्यावी लागेल अशी, ५ ते १५ मध्ये भिंतीचा काही भाग काढून पुन्हा बांधायची वेळ येऊ शकते, १५ ते २५ गंभीर, आणि २५ च्या वर गेली तर भिंतीच्या स्थैर्याचाच प्रश्न. पण याच वर्गवारीत हेही सांगितलंय की नुसत्या रुंदीवरून ठरवू नका. मी आधी भेगेची दिशा बघतो. उभी सरळ भेग, दोन वेगळ्या वेळी बांधलेल्या भागांच्या सांध्यावर असेल तर बहुतेक वेळा फार काळजीचं नसतं. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून विटांच्या सांध्यांमधून पायऱ्या पायऱ्यांनी चढणारी, एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाला रुंद, तीच भेग आतल्या बाजूलाही दिसतेय आणि शेजारचं दार चौकटीत अडकतंय, तर पायाचा एक भाग खाली जातोय असा संशय घ्यायचा. मग भेगेच्या आत बघायचं. आत जुना रंग गेलेला असेल, धूळ, कोळ्याची जाळी असेल तर ती बऱ्याच काळापासून आहे, कडा धारदार आणि आतला भाग स्वच्छ असेल तर ताजी आहे. आणि भेग एकदा भरलेली असून त्या भरावाच्या मधूनच पुन्हा गेलेली असेल तर समजा की हालचाल अजून थांबलेली नाही.

अडचण अशी आहे की भिंत अजून हलतेय का हे खात्रीने सांगायला भेगेवर मापक बसवून महिनोन्महिने वाचन घ्यावं लागतं, चिकणमातीच्या जमिनीवर तर पूर्ण वर्ष, कारण ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते आणि घरही तिच्यासोबत वरखाली होतं. तुमच्या करारात दिवस किती? एक आठवडा, फार तर दोन. म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर मिळायला वर्ष लागतं तो प्रश्न तुम्हाला आठवड्यात सोडवायचाय. एवढ्या वेळात एक चांगला स्ट्रक्चरल इंजिनिअर एकच गोष्ट देऊ शकतो, कारण. भिंतीलगत मोठं झाड आहे का, भूमिगत ड्रेनेजची लाईन फुटून पायाखालची माती वाहून जातेय का (ही तर कॅमेरा आत सोडून एका दिवसात कळते), शेजारी नवीन खोदकाम झालंय का, कोणी आतली भार घेणारी भिंत काढलीय का. कारण सापडलं आणि ते काढून टाकता येण्यासारखं असेल तर भेगेचा शेवट दिसायला लागतो. कारण सापडलंच नाही तर नाही दिसत.

ओलीबाबत मी सगळ्यात जास्त चुकीचे निष्कर्ष बघतो, आणि ते दोन्ही बाजूंनी असतात. ओल कुठून येते त्यावर सगळं आहे. जमिनीतून वर चढणारी ओल साधारण एक मीटरच्या आसपास थांबते आणि तिथे क्षारांचा पांढरट पट्टा दिसतो. पाइपातून गळत असेल तर ऋतू कुठलाही असो डाग ओलाच राहतो, छतातून किंवा बाहेरच्या भिंतीतून येत असेल तर पावसानंतर वाढतो, आणि कोपऱ्यात, कपाटामागे काळी बुरशी असेल तर बऱ्याचदा नुसती हवा कोंडून थंड भिंतीवर पाणी सुटलेलं असतं, त्याला खिडकी उघडणं आणि एक्झॉस्ट फॅन पुरतो. इन्स्पेक्टरच्या मॉइश्चर मीटरचा आकडा बघून घाबरू नका आणि त्याच्यावर पूर्ण विसंबूही नका, टोकं टोचून मोजायचे ते मीटर मुळात लाकडासाठी बनवलेले असतात, विटांवर आणि प्लास्टरवर त्यांचा आकडा फक्त तुलनेसाठी, भिंतीत क्षार असले तर सुकी भिंतही ओली दाखवतात. त्यामुळे आकड्यापेक्षा नकाशा काढावा, कुठे जास्त, कुठे कमी, कुठल्या दिशेने कमी होत जातोय.

एक साधी गोष्ट सांगतो जी मी प्रत्येक घरात करतो. सप्लाय बंद करून भिंतीवरच्या सॉकेटची प्लेट उघडतो आणि आतले स्क्रू आणि लोखंडी डबी बघतो. भिंत नुकतीच रंगवली असेल, वास सुद्धा ताज्या रंगाचा येत असेल, पण डबीच्या तळाला गंज चढून पापुद्रे सुटलेले असतील आणि स्क्रूचं डोकं स्क्रू ड्रायव्हरखाली भुगा होत असेल तर त्या भिंतीत पाणी वर्षानुवर्षं आहे, रंगाने ते काल झाकलंय. तुमच्या केसमध्ये ओल बाथरूमच्या मागच्या भिंतीला आहे म्हणजे बहुतेक पाइपचा सांधा किंवा फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. बाथरूम दोन दिवस पूर्ण कोरडं ठेवून, मग आधी फक्त नळ चालू ठेवून, मग फरशीवर पाणी साचवून बघितलं की कुठलं ते कळतं. प्लंबर हे करून देतो. हा शेवट दिसणारा दोष आहे, फक्त बाथरूम फोडून नव्याने करायचा खर्च धरा, वरवरच्या लेपाचा नको.

आता सुटलेलं प्लास्टर आणि उघडी सळई, चारही गोष्टींमध्ये मला सगळ्यात जास्त काळजी हिची वाटते आणि विकणारे नेमकं हिलाच किरकोळ म्हणताहेत. चांगल्या काँक्रीटचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कधर्मीपणाचं माप) १२ ते १३ असतो आणि तेवढ्या अल्कधर्मी वातावरणात सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो तसा तो सामू उतरत जातो, ९ च्या आसपास आला की सळईचं संरक्षण संपतं, आणि ओलावा मिळाला की गंज सुरू. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा लागते, ती जागा तो काँक्रीट फोडूनच करून घेतो. म्हणजे प्लास्टर पडलं ही सुरुवात नाहीये, आत बऱ्याच काळापासून चाललेलं आज बाहेर दिसलंय. त्यामुळे 'कुठे पडलं' यापेक्षा 'अजून कुठे पडायच्या बेतात आहे' हे शोधायचं. हलक्या हातोडीने घरातला सगळा स्लॅब, बीम, कॉलम ठोकत जायचं, चांगलं काँक्रीट टणक वाजतं, आतून सुटलेलं बद्द आणि पोकळ वाजतं, पाच मिनिटांत तुमच्या कानालाही फरक कळायला लागतो. जिथे पोकळ वाजलं तिथे खडूने घेरा काढायचा आणि शेवटी मागे उभं राहून बघायचं, एकच घेरा आहे की स्लॅबभर घेरे आहेत.

त्यापुढे दोन टेस्ट आहेत. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन नावाचं रंग बदलणारं रसायन टाकायचं, गुलाबी झालं तर तिथला अल्कधर्मीपणा शाबूत, रंगच आला नाही तर गेला, आणि तो बिनरंगाचा थर सळईपर्यंत पोहोचलाय का ते पट्टीने मोजायचं. दुसरी हाफ सेल टेस्ट, म्हणजे आतल्या सळईचा विद्युत दाब काँक्रीटच्या पृष्ठभागावरून मोजणं, त्यात कॉपर सल्फेटच्या इलेक्ट्रोडने वाचन उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली जात असेल तर त्या जागी गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात. दोन्ही महाग नाहीत, दोन्ही एका दिवसात होतात. आणि कोणी म्हणालं की तेवढाच भाग काढून नवीन मसाला भरून देतो, तर क्षारांनी खराब झालेल्या काँक्रीटमध्ये त्याने अडचण वाढूही शकते हे लक्षात ठेवा, नव्या भरावाच्या आतली सळई सुरक्षित होते आणि गंज तिच्या लगतच्या जुन्या भागात जोर धरतो, मग एकदोन वर्षांत त्या ठिगळाभोवतीच कडं सुटतं. एकच घेरा असेल, कारण वरच्या बाथरूमची गळती असेल, टेस्ट ठीक आली असेल तर घर सोडायचं कारण नाही. स्लॅबभर घेरे असतील तर माझ्या मते बोलणीसुद्धा करू नका, बाहेर पडा.

रिपोर्टमध्ये सहसा नसतं पण तुम्ही बघाच असं एक, मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष घर जुळतंय का. काढलेली भिंत, बंद केलेली बाल्कनी, वाढवलेली खोली. याचा परिणाम बांधकामावर, कर्जावर आणि विम्यावर तिन्हीवर होतो आणि कागद समोर ठेवून घरात चक्कर मारली की अर्ध्या तासात कळतं.

आता जे बहुतेकांना कोणी सांगत नाही ते सांगतो. रिपोर्ट हातात आला त्या क्षणापासून तुम्ही जाणते खरेदीदार झालात. उद्या घर घेतलंत आणि भेग रुंदावली, तर विकणाऱ्याने लपवलं असं म्हणता येणार नाही कारण तुम्हाला माहीत होतं. विमा घेताना कंपनी विचारेल तेव्हा माहीत नाही म्हणता येणार नाही. पुढे तुम्ही विकायला काढाल तेव्हा बऱ्याच ठिकाणी तुम्हाला हे सांगावं लागेल. म्हणून निर्णयाच्या आधी विमा कंपनीला आणि कर्ज देणाऱ्या बँकेला या दोषासकट विचारून घ्या, आणि त्यांनीच नकार दिला तर तुमचा निर्णय तिथेच झाला.

मग विकणाऱ्यांना लेखी विनंती करा, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणून ह्या ह्या टेस्ट करायच्या आहेत, त्यासाठी मुदत अमुक तारखेपर्यंत वाढवून द्या, आणि मुदतवाढीवर दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात, तोंडी 'घ्या हो वेळ' याला काही अर्थ नाही. याला येणारं उत्तर माझ्या अनुभवात रिपोर्टइतकंच महत्त्वाचं असतं. ज्यांना खरंच माहीत नव्हतं ते लोक घाबरतात, पण बहुतेक वेळा तपासू देतात, कारण उद्या दुसरा गिऱ्हाईक आला तरी हा प्रश्न येणारच आहे हे त्यांना कळतं. जे स्लॅबला हातोडी लावू देत नाहीत, मुदत वाढवत नाहीत, आणि वर दुसरे लोक रांगेत उभे आहेत असं सांगतात, त्यांना दुसऱ्या लोकांकडे जाऊ द्या. शेवट न दिसणारा दोष आणि तपासू न देणारा मालक हे दोन्ही एकत्र आलं की माझं उत्तर ठरलेलं आहे, मग घर कितीही आवडलेलं असो.

तपासणीत सगळं आटोक्यातलं निघालं तर बोलणी करा, पण विकणाऱ्यांनीच दुरुस्त करून द्यावं हा मार्ग मला आवडत नाही. ज्याला ते घर सोडून जायचंय तो सगळ्यात स्वस्त माणूस आणेल, रंग मारेल, आणि तुमचा पुरावा झाकला जाईल. किंमत कमी करून घ्या, किंवा काही रक्कम वकिलाकडे अडकवून ठेवा जी काम पूर्ण झाल्यावर सुटेल. रक्कम ठरवताना ठेकेदाराचा लेखी अंदाज घ्या आणि त्यावर पाव ते निम्मा भाग अजून धरा, जुन्या घरात फोडल्यावर आत जास्तच निघतं. जे ठरेल ते करारात दुरुस्ती करून लिहा आणि बँकेला कळवा, बाहेरच्या बाहेर रोख परत घ्यायच्या भानगडीत पडू नका, ते कर्जात खोटी किंमत दाखवल्यासारखं होतं.

आणि बाहेर पडायचं ठरलं तर पत्र अगदी छोटं लिहा. 'दिनांक अमुकच्या कराराच्या कलम अमुकप्रमाणे, इन्स्पेक्शनचा निकाल आम्हाला समाधानकारक नसल्यामुळे आम्ही हा करार रद्द करत आहोत. विसाराची पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत करावी.' एवढंच. करारात कारण द्यायला सांगितलं असेल तर रिपोर्टच्या त्या पानाचा उल्लेख करा, राग, आरोप, फसवलंत वगैरे काही नको. सगळ्यात महत्त्वाचं, या पत्रात भावाची घासाघीस मिसळू नका. 'किंमत कमी केली नाही तर आम्हाला विचार करावा लागेल' हे रद्द करणं होत नाही, तो नुसता नवा प्रस्ताव होतो, समोरचे चार दिवस उत्तर देत नाहीत, मुदत संपते आणि तुम्ही अडकता. मुदतीच्या आदल्या दिवशीपर्यंत सहमती झाली नसेल तर आधी रद्द करा, बोलणी नंतरही करता येतात. पत्र करारात सांगितलेल्या पद्धतीनेच पाठवा आणि पोचल्याचा पुरावा ठेवा. एजंटला फोनवर सांगितलं म्हणजे कळवलं असं समजू नका, एजंटला मोबदला बहुतेक ठिकाणी व्यवहार झाला तरच मिळतो, त्याचा सल्ला ऐकताना हे डोक्यात असू द्या.

पैसे कोणाकडे आहेत यावर पुढचं ठरतं. वकील, एजंट किंवा तिसऱ्या कोणाकडे ठेवलेले असतील तर ते बऱ्याचदा दोघांच्या सहीशिवाय सोडत नाहीत, म्हणून रद्द करण्याच्या पत्रासोबतच रक्कम सोडायचा कागद सहीसाठी पाठवून द्या. थेट विकणाऱ्याच्या खात्यात गेले असतील तर त्याने ते पुढच्या घरात भरलेले असण्याची शक्यता धरा आणि परतफेडीच्या तारखा लिहून घ्या.

करारात इन्स्पेक्शनची अटच नसेल किंवा मुदत गेली असेल तर गायब होऊ नका, फोन उचलणं बंद करू नका, काही ठिकाणी विकणारा करार पुरा करा म्हणून कोर्टात जाऊ शकतो. वकिलाकडून कर्जाची अट, कागदपत्रांची अट, विकणाऱ्याने दोषांबद्दल लेखी काय सांगितलं होतं, हे सगळं तपासून घ्या. त्यातून काहीच निघालं नाही तर काही रक्कम सोडून सामंजस्याने करार रद्द करणं हा मार्ग आहे. हे ऐकायला वाईट वाटतं पण हिशोब असा करा, सोडायची रक्कम ठरलेली आहे, स्लॅबभर गंज असेल तर तिकडची ठरलेली नाही. इन्स्पेक्शनला, वकिलाला, बँकेच्या फीला गेलेले पैसे या हिशोबात आणूच नका, घर घेतलं काय न घेतलं काय ते गेलेच आहेत.

एक मात्र मनापासून सांगतो, घर परवडत नाही असं नंतर वाटलं किंवा दुसरं जास्त आवडलं म्हणून इन्स्पेक्शनचं निमित्त करू नका. समोर एक कुटुंब त्या तारखांवर आपलं पुढचं घर ठरवून बसलेलं असतं, आणि काही करारांमध्ये खोट्या कारणाने अट वापरली हे सिद्ध झालं तर विसारही जातो.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. आज कराराची तारीख आणि पावतीवरचे शब्द. उद्या मुदतवाढीची लेखी विनंती. ती मिळाली तर पहिल्या दिवशी स्लॅब ठोकून घ्या आणि फिनॉल्फ्थॅलीन करा, कारण तिथे वाईट निघालं तर बाकी कशावर खर्च करायची गरजच उरत नाही. स्लॅब ठीक निघाला तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून भेगेचं कारण आणि ड्रेनेजचा कॅमेरा, मग प्लंबर, शेवटी इलेक्ट्रिशियन. मुदत मिळाली नाही तर असलेल्या मुदतीत रद्द करा. आणि विसार खात्यात परत जमा होईपर्यंत, किंवा परतफेडीच्या कागदावर सही होईपर्यंत, त्या पैशांच्या भरवशावर दुसऱ्या घराचा करार करू नका.